दहा नंबरचा पाना आणि सोसायटीची अब्रू

ऐकलंत का? आमच्या सिंहगड रोडवर हल्ली रविवारी सकाळी जे चालतं ते चार लोकांत बोलण्यासारखं नाही, म्हणून तर छापून सांगते आहे. एके काळी ह्या वेळेला घरंदाज पुरुषमंडळी मटणाच्या रांगेत असायची, नाहीतर मिसळीच्या हॉटेलाबाहेर वहीत नाव लिहून ताटकळत असायची. आता तीच मंडळी पार्किंगमध्ये, भरदिवसा, वॉचमनच्या देखत, गाडीचं बॉनेट उघडतात आणि आपल्या हातानं बॅटरी बदलतात! बॅटरीवाल्याला एक फोन केला की तो नवी बॅटरी स्कूटरवर टाकून आणतो, बसवतो, जुनी घेऊन जातो. तरी ह्यांना स्वतःच करायचंय. शिव शिव!

ह्या वाह्यातपणाचं मूळ २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आहे. गाड्या महिनोन्‌महिने जागेवर उभ्या होत्या. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट बघत जागं राहणारं लॉक, हे सगळे बॅटरीतून थोडंथोडं खातच असतात. कशीबशी बाहेर पडायची परवानगी मिळाली, किल्ली फिरवली, आणि बॉनेटखालून नुसतं ‘कट-कट-कट’. दुकानं बंद, मेकॅनिक गावाला. त्या दिवसांत कोणी केक शिकलं, कोणी बॅटरी शिकलं. केकचं खूळ ओसरलं. बॅटरीचं मात्र पुन्हा उसळलंय, कारण आपल्याकडच्या उन्हात बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. तेव्हा बसवलेल्या बॅटऱ्या एकेक करून मान टाकताहेत, आणि तेव्हाचे उमेदवार आता ‘जाणकार’ म्हणून मैदानात उतरलेत.

थाट काय विचारता! बी विंगमधले निवृत्त बँक मॅनेजर शंभरावर तुकड्यांची सॉकेटची पेटी घेऊन खाली येतात. त्यातला लागतो एकच, दहा नंबरचा. बहुतेक गाड्यांच्या टर्मिनलचा नट त्यानंच सुटतो, आणि तेवढा एक पाना कोपऱ्यावरचा हार्डवेअरवालाही देतो. पण पेटी उघडताना होणाऱ्या आवाजाचा रुबाब त्या एका पान्याला कुठून येणार? गळ्यात मीटर, कपाळाला टॉर्च (सकाळी दहा वाजता, उन्हात). आणि खाली हाफ पँट, पायात स्लिपर. मी कपड्यांवरून बोलणारी बाई नाही, पण ही हाफ पँट मला खरंच असभ्य वाटते. बॅटरीतलं ‘पाणी’ म्हणतात त्यात वजनानं तिसऱ्या हिश्शाहून जास्त सल्फ्युरिक अ‍ॅसिड असतं. सुती कपड्यावर थेंब उडाला तर तेव्हा काही दिसत नाही. धुतल्यावर तिथे भोक पडतं. पँटचं ठीक आहे, डोळ्याचं काय? साधा प्लॅस्टिकचा बंद गॉगल आणि रबरी हातमोजे एवढंच लागतं, नेमकं तेच त्या पेटीत नाही. डोळ्यात उडालंच तर नळाखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवत राहायचा आणि थेट डॉक्टरकडे. तेवढ्या वेळात गुलाबपाणी आणा, दूध आणा, असा सल्ला देणारे गॅलरीत उभे असतातच. त्यांच्याकडे बघायचं नाही.

पण मंडळी, खरं प्रकरण वेगळंच आहे. ते आहे दोन वायरींचं. एक लाल, एक काळी. लग्नातला वरपक्ष आठवा: येतो सगळ्यांत शेवटी, निघतो सगळ्यांत आधी, आणि मानपान चुकला की भर मांडवात जाळ. काळी वायर म्हणजे हुबेहूब तो वरपक्ष. काढताना काळी आधी, लावताना काळी शेवटी. त्यात मंत्रतंत्र काही नाही. गाडीचा अख्खा पत्रा काळीशी जोडलेला असतो. काळी जागेवर असताना तुम्ही लाल सोडवायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक पत्र्याला टेकलं, की मधला पाना हीच वायर होते आणि त्यातून शेकडो अँपिअर धावतात. काळी आधी सोडवून बाजूला सारली, की मग लालवरचा पाना पत्र्याला कितीदा का टेकेना, परतीचा रस्ताच तुटलेला असतो.

इतकी सरळ गोष्ट. आणि आमच्याकडचे एक गृहस्थ काय म्हणतात? ‘पॉझिटिव्ह आधी, शुभ असतं.’ लावताना त्यांचं बरोबर आहे हो! पण हे काढतानाही शुभापासून सुरुवात करतात. त्यांच्या पान्याच्या टोकाला एक काळा खळगा पडलाय, धातू वितळून. तो ते पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात.

ह्याच गृहस्थांच्या बोटात पुष्कराज आहे, शेजारी नीलम. ‘बारा व्होल्टचा शॉक बसत नाही,’ असं ते ठणकावून सांगतात, आणि ते खरंच आहे. कोरड्या हातानं धरलं तर काही कळतसुद्धा नाही. पण सोनं विजेला अडवत नाही. अंगठी जर टर्मिनल आणि पत्रा, किंवा टर्मिनल आणि पाना ह्यांच्यामध्ये सापडली, तर ती क्षणात तापते, आणि तापलेली अंगठी बोटातून झटकता येत नाही. शॉकनं नव्हे, भाजण्यानं बोट जातं. ‘काढून ठेवा की,’ म्हटलं तर उत्तर मिळतं, गुरुजींनी काढायची नाही म्हणून सांगितलंय. गुरुजींना बॅटरीबद्दल कोणी विचारलं होतं का? स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ, कडं, बॉनेटमध्ये वाकलं की लोंबणारी चेन, हे सगळं वर घरी ठेवून यायचं. ग्रह अर्धा तास थांबतील.

आता धूम्रपान करणाऱ्या सल्लागारांबद्दल. प्रत्येक उघड्या बॉनेटभोवती असा एक असतोच, स्वतः काही न करता सिगारेटच्या टोकानं जागा दाखवणारा. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीनं पेट घेऊ शकतो. फुटलेली बॅटरी आवाज करून थांबत नाही, अ‍ॅसिड उडवते. म्हणून तर दुसऱ्या गाडीवरून जम्प देताना शेवटची काळी क्लिप बंद पडलेल्या बॅटरीवर लावत नाहीत, लांबवर इंजिनच्या उघड्या धातूवर लावतात. ठिणगी पडायचीच तर तिथे पडू दे. हे सांगितल्यावर सल्लागारांनी सिगारेट विझवली. कुठे, तर बंपरवर.

आणि ज्या बॅटऱ्या बदलल्या जाताहेत त्यातल्या कितीतरी निर्दोष आहेत, हे कोणी बोलायचं? गळ्यातला मीटर नुसता दागिना झालाय. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मीटर लावा: साडेबाराच्या वर, १२.६ च्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२ च्या खाली असेल तर रिकामी. गाडी सुरू करून पुन्हा बघा. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा चढला नाही, तर चोर बॅटरी नव्हे, तिला भरणारा अल्टरनेटर आहे. नवी बॅटरी घातलीत तरी तीही चार दिवसांत उतरणार. कधीकधी तर टर्मिनलवर नुसती पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचलेली असते. वायरी काढून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा (बॅटरीच्या झाकणात ते पाणी जाऊ देऊ नका), कोरडं करा, घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेली लावा. गाडी फुरफुरत सुरू होते. पण मग मिरवायचं काय? ‘मी टर्मिनल धुतलं’ असा फोटो ग्रुपवर कोण टाकतो?

डी विंगमध्ये तर याहून थोर प्रकार झाला. साहेबांनी ऑनलाइन स्वस्तात बॅटरी मागवली. लांबी, रुंदी, अँपिअर, सगळं जुळतं. फक्त शेवटचं अक्षर बघायचं राहिलं. ‘एल’ की ‘आर’, म्हणजे लाल टर्मिनल कुठल्या बाजूला, ते त्या एका अक्षरात असतं. हे साहेब दोन रविवार वायर ओढून ओढून पोचवायच्या खटपटीत होते. शेवटी कंटाळून म्हणाले, ‘उलटी लावून बघू.’ त्यांच्या बायकोनं वरून अशी हाक मारली की पाना हातातून पडला. देवानंच वाचवलं म्हणायचं! उलटी लावली की फ्यूज, अल्टरनेटरमधले डायोड, कधीकधी महागडा कॉम्प्युटरसुद्धा जातो. खरं तर बघणाऱ्याला खूण असते: लालचा खांब काळीच्या खांबापेक्षा जरा जाड असतो, त्यामुळे लालची पकड तिथे नीट बसते आणि काळीची बसत नाही. पण बघायचं कोणी? हातोडी हातात असली की बघायची गरज वाटत नाही.

ह्या सगळ्या गदारोळात ए विंगमधले इलेक्ट्रिक गाडीवाले मात्र कडेला उभे राहून मंद हसत असत. ‘आमच्याकडे ही भानगडच नाही.’ मागच्या महिन्यात त्यांची गाडी उघडेना. मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली, आणि दार मख्ख. कारण त्या गाडीतही एक बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते, लॉक, दिवे आणि कॉम्प्युटर जागे करायला. ती मेली की मोठी असूनही नसल्यासारखी. बी विंगची पेटी धावत आली, तेव्हा त्यांच्या मेव्हण्यानं तिला दारातच अडवलं, आणि बरं केलं. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी आवरणाच्या वायरींना घरी कोणी हात लावायचा नसतो. चालू-बंद होणाऱ्या स्टार्ट-स्टॉप गाड्यांचीही बॅटरी वेगळ्या जातीची लागते, आणि काही महाग गाड्यांना तर नवी बॅटरी बसवल्याचं कॉम्प्युटरला रीतसर कळवावं लागतं. तिथे हौस आवरलेली बरी.

सगळ्यांत मोठा बोभाटा झाला तो तिसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापक बाईंचा. एकट्या राहतात, छोटी हॅचबॅक आहे. बुधवारी, म्हणजे कोणी बघायला नसताना, खाली आल्या. पाटल्या वर काढून ठेवलेल्या, डोळ्यांवर गॉगल, पंजाबी ड्रेस, बंद बूट. हँडब्रेक, गाडी बंद, किल्ली पर्समध्ये, ड्रायव्हरची काच खाली (बॅटरी काढल्यावर गाडीनं दार लावून घेतलं तर?). काळी काढली, तिच्यावर जुना मोजा चढवला म्हणजे ती उडी मारून परत टेकणार नाही. मग लाल. मग बॅटरी खाली दाबून धरणारी पट्टी. दहा किलोच्या आसपास वजन, कमरेतून नव्हे, गुडघ्यातून उचललं. नवी ठेवली, पट्टी आधी कसली, कारण हलती बॅटरी लवकर मरते. लाल, मग काळी. घड्याळ लावलं, एका बटणात वर जाणारी काच पुन्हा शिकवली, आणि गेल्या भाजी आणायला.

ग्रुपवर चर्चा तीन दिवस चालली. ‘फोटो कुठाय? मग झालं कशावरून?’ फोटो होता. पण तो बाईंचा नव्हे, बॅटरीचा होता, उघडायच्या आधी काढलेला, कुठली वायर कुठे होती ते लक्षात राहावं म्हणून. ह्यावर बी विंगचं म्हणणं असं की, जावयानं फोनवरून सांगितलं असणार. बाईंना जावई नाही.

राहता राहिली जुनी बॅटरी. दुकानात दिली तर नवीच्या किमतीत तिचे पैसे वळते होतात. आतलं शिसं वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येतं म्हणून तिला भाव असतो. २०२२च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय, आणि त्या कचऱ्यात न टाकता वेगळ्या द्यायच्या हे तुमच्या-आमच्यावर. एवढं असून ऑनलाइन स्वस्तात घेणाऱ्यांच्या जुन्या बॅटऱ्या घरातच राहतात. सी विंगमध्ये एकांनी ती गॅलरीत ठेवलीय, जराशी कलती, भंगारवाला भाव वाढवेल ह्या आशेवर. परवा हळदीकुंकवाला गेले तेव्हा तिच्यावर मनीप्लांटची कुंडी होती, खाली तुळस, बाजूला शेवंती, तिन्ही पिवळी पडलेली. ‘ह्या कोपऱ्यात काही जगतच नाही हो,’ वहिनी म्हणाल्या. ‘वास्तुशास्त्रवाल्यांना बोलावलंय शनिवारी.’