हाताची घडी

नेटवर्कवर नजर ठेवायला टूल कोणतं घ्यावं, याबद्दल माझं मत ठाम होतं: ज्याचा पडदा काळा आणि रेषा हिरव्या, ते. धाटावच्या आमच्या केमिकल कंपनीत पाहुण्यांना काचेआडून सर्व्हर रूम दाखवतात. भिंतभर टीव्हीवर आलेख नाचताहेत आणि समोर मी पाठमोरा, हाताची घडी घालून उभा, हे माझं जुनं स्वप्न. म्हणून २०१४ साली आलेलं ग्राफाना मला बघताक्षणी आवडलं. ते स्वतः काही मोजत नाही, दुसऱ्याने मोजलेलं सजवून दाखवतं. आमचे गुण जुळतात.

मोजायला प्रोमिथिअस घ्यावं की लाटव्हियातलं झॅबिक्स, हा वाद मीटिंगमध्ये मीच रंगवला. पण मोजण्याआधी आपल्याकडे आहे काय, ते शोधावं लागतं. १९८३ सालच्या पिंगने हाका मारत सुटायचं आणि जो ओ देईल त्याला एसएनएमपीने नावगाव विचारायचं. प्लांटमधली यंत्रं चालवणाऱ्या जुन्या पीएलसींना ही सरबत्ती सोसत नाही, एखादं बंदही पडतं. तिथे येणारी-जाणारी रहदारी गुपचूप ऐकायची. ऑफिसात ओ देणाऱ्यांत कॅन्टीनचा टीव्ही निघाला.

मी राहतो पेणला, त्यामुळे आता गणपतीच्या कारखान्याबद्दल बोलणं भाग आहे. भाग नाही, पण बोलणार, कारण तिथल्या माणसाला आपल्याकडे काय आहे ते शोधावं लागत नाही. हमरापूर-जोह्याकडच्या शेडमध्ये रंगाआधी सगळ्या मूर्ती सारख्याच दिसतात. कारखानदाराला विचारा, ठाण्याच्या काकांची दीड फुटी कुठली? वीज गेलेली असली तरी तो पाट ओलांडत नेमका तिच्यापाशी जातो. शाडू उन्हात घाईने सुकला की तडकतो. म्हणून कोणती मूर्ती पोटात अजून ओली आहे, हे तो बोट लावून सांगतो. परदेशी जाणाऱ्या मूर्ती कित्येक महिने आधी बोटीने निघतात. त्यांची यादी वहीत, बाकी सगळा कारभार डोक्यात. डोळ्यांची आखणी चालू असताना मागे कोण उभं आहे, हेही त्याला न वळता कळतं. मागे मी होतो, हाताची घडी घालून. तो म्हणाला, "साहेब, उजेड अडतोय."

आमच्याकडे त्याच जातकुळीचे इलेक्ट्रिकलचे मामा आहेत. यूपीएसचा पंखा घुरघुरायच्या बेतात आहे, हे ते दारातूनच ओळखतात. टूलची मंजुरी आली, तिच्यात फायद्यांच्या रकान्यात एक ओळ होती: मनुष्यबळ बचत, एक. म्हणजे मामा निवृत्त झाले की जागा भरायची नाही. ते वाचून माझी घडी सुटली. कुंडलिका नदी फुगलेली असताना रात्रपाळीला सायकल रेटत येणारा माणूस आमच्या शोधमोहिमेत सापडलाच नव्हता. त्याला आयपी अॅड्रेस कुठला?

मामांनी मात्र शांतपणे विचारलं, "साहेब, हे टूलच बंद पडलं तर कळवणार कोण?"

"त्याच्यावर नजर ठेवायला दुसरं टूल असतं, मामा."

"म्हणजे एका माणसाच्या जागी दोन." मामांनी हिशेब केला. "बरं, दोघांनाही चहा लागत नाही. तेवढी बचत आहे खरी."