पुढील विषाणूस मार्गदर्शक सूचना

प्रति,
मा. पुढील विषाणू (नामकरण प्रलंबित),
मुक्काम: वटवाघूळ, खवले मांजर किंवा सध्या जिथे असाल तिथे.

विषय: महाराष्ट्र राज्यात आगमन झाल्यास पाळावयाच्या वेळा व इतर शिष्टाचाराबाबत.

संदर्भ: साथरोग अधिनियम, १८९७, आपले पूर्वसूरी कोविड-१९ यांचा मार्च २०२० पासूनचा मुक्काम, तसेच त्या काळात निघालेले, मागे घेतलेले आणि शुद्धिपत्रकासह पुन्हा निघालेले सर्व आदेश.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण कधी ना कधी येणार हे आम्ही धरून चाललो आहोत. आपल्या स्वागतासाठी खाटा, परिचारिका, प्रयोगशाळा वगैरे वाढवण्याची बाब विचाराधीन आहे. तोवर निदान इथल्या चालीरीती आपल्या कानावर असाव्यात, म्हणून हा पत्रप्रपंच. मागच्या वेळी आपल्या पूर्वजांना कुणी काही सांगितलेच नव्हते. ते बिचारे चोवीस तास काम करत राहिले.

तेव्हा पहिली गोष्ट: येताना घड्याळ आणा. आमच्याकडे साथ वेळापत्रकावर चालते. १ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी खुली झाली, ती पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. गर्दीची वेळ टाळायची, हा हेतू चांगलाच होता. फक्त गर्दीची वेळ ही लोकांच्या कामाची वेळ असते, एवढा तपशील राहून गेला. दहा ते सहा नोकरी असलेल्या डोंबिवलीकराने सातच्या आत गाडी पकडायची, फोर्टमधल्या एखाद्या पायरीवर दहापर्यंत थांबायचे, कामावर जायचे आणि सुटल्यावर पुन्हा नऊपर्यंत त्याच पायरीवर बसायचे, अशी ती सोय होती. हे न जमणारे बसने गेले. दोन-अडीच तास, खचाखच भरलेल्या बसने. बसमधल्या प्रवासाला वेळेचे बंधन नव्हते, त्यावरून बस आपल्याला लागत असावी, असा आमचा समज झाला.

वाण्याचे घड्याळ आणखी वेगळे. २० एप्रिल २०२१ पासून किराणा दुकाने सकाळी सात ते अकरा. दुकानाची वेळ कमी केली की गर्दी कमी होते, हे मंत्रालयात सिद्ध झालेले आहे. दुकानासमोर मात्र उलटे दिसायचे: दिवसभरात सुटेसुटे येणारे गिऱ्हाईक चार तासांत एकमेकांच्या खांद्यावरून हात लांबवून तूरडाळ मागत होते. आपण सकाळी उशिरा उठणारे नसाल, तर ही वेळ आपल्याला अतिशय सोयीची आहे.

घड्याळासोबत दिनदर्शिकाही लागेल. ५ जून २०२० पासून रस्त्याच्या एका बाजूची दुकाने सम तारखेला आणि समोरची विषम तारखेला उघडू लागली. तेव्हा रस्ता ओलांडण्यापूर्वी आजची तारीख बघावी. कापडाच्या दुकानात कपडे घालून बघायला बंदी होती आणि घेतलेले बदलून द्यायलाही. जुन्या पद्धतीच्या लग्नासारखे होते ते. आधी बघायचे नाही, नंतर तक्रार करायची नाही.

केशकर्तनालये २८ जूनला उघडली, पण केसांपुरती. दाढीला परवानगी नव्हती. वैद्यकीय दृष्टीने यात तथ्य होते, तोंडाजवळ तोंड येते. पण एका खुर्चीवर घर चालवणाऱ्या कारागिराला रोजचा पैसा दाढीतून मिळतो आणि केस माणूस महिन्यातून एकदा कापतो, हा हिशेब आदेशात कुठेच दिसला नाही. तीन महिने दुकान बंद असताना गाळ्याचे भाडे मात्र चालूच होते. त्याच सुमारास मुंबईकरांना घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे खरेदीला जाण्यास मनाई झाली. पोलिसांनी हजारो गाड्या जप्त केल्या आणि काही दिवसांतच तो नियम विरला. आपल्या पूर्वजांनी दोन किलोमीटरची मर्यादा पाळली किंवा कसे, याची नोंद नाही.

आता महसुलाचा विषय. हा आपण नीट समजून घ्यावा, कारण यावर बाकीचे सगळे अवलंबून आहे. ४ मे २०२० ला, म्हणजे टाळेबंदी ऐन भरात असताना, मद्याची दुकाने उघडली. मुंबई, पुणे, नाशिकमध्ये अशा रांगा लागल्या की त्यांत माणसामाणसांतले अंतर मोजायला गेलेला पोलीस स्वतःच रांगेत सापडावा. मुंबईत महापालिकेने दोन दिवसांत दुकाने बंद केली, पण त्याच महिन्यात बाटली घरपोच मिळू लागली. बार आणि हॉटेले ५ ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेने सुरू झाली. म्हणजे चारजणांच्या टेबलावर दोघे. उरलेले दोघे बाहेर फुटपाथवर आपली पाळी येण्याची वाट बघत, एकमेकांना चिकटून.

बार उघडले आणि देव कुलूपबंद का, असा प्रश्न मग आलाच. देवाने काही पत्र लिहिले नाही, राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी १२ ऑक्टोबरला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना लिहिले आणि आपण धर्मनिरपेक्ष झालात काय, अशीही विचारणा केली. मुख्यमंत्र्यांनी उत्तर दिले. संसर्ग राहिला बाजूला आणि हिंदुत्वाची उजळणी झाली. १६ नोव्हेंबरला, पाडव्याला मंदिरे उघडली. यातून आपण एवढेच लक्षात घ्यावे की आमच्याकडे कुलूप उघडायला किल्लीपेक्षा आवाज जास्त उपयोगी पडतो.

पंढरपूरला जाणार असाल तर विशेष सूचना आहेत. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे पालख्या एसटीने नेण्यात आल्या. पायी वारी नाही. शतकांची प्रथा बहुतेक वारकऱ्यांनी निमूट मोडली, कारण साथीत गर्दी करू नये हे त्यांना पटले होते. याच पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघात १७ एप्रिल २०२१ ला पोटनिवडणूक होती. १४ एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यभर कडक निर्बंध लागले. या एका मतदारसंघात ते मतदान उरकल्यावर लागू होतील, असे जाहीर झाले. प्रचारसभा तोपर्यंत दणक्यात झाल्या होत्या. तेव्हा पंढरपुरात आपण आषाढीला येऊ नये, पोटनिवडणुकीला जरूर यावे. लग्नाला यायचे असेल तर २२ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या तेव्हाच्या आदेशाप्रमाणे पंचवीस पाहुण्यांत आपली गणना होईल, समारंभ दोन तासांत आटोपेल आणि त्याहून जास्त रेंगाळलात तर यजमानाला ५० हजार रुपये दंड आहे. यजमानाचा एवढा विचार करावा.

जून २०२१ मध्ये आम्ही शास्त्रशुद्ध झालो. बाधितांचे प्रमाण आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा या दोन आकड्यांवर जिल्ह्यांचे पाच स्तर ठरले. ही कल्पना मनापासून सांगतो, उत्तम होती. व्यापाऱ्याला आपले दुकान का बंद आहे ते निदान आकड्यांत कळणार होते. ३ जूनला दुपारी मंत्री विजय वडेट्टीवार यांनी ती जाहीर केली, संध्याकाळी मुख्यमंत्री कार्यालयाने असा निर्णय झालेलाच नाही असे सांगितले आणि नंतर आदेश निघून ती ७ जूनपासून लागूही झाली. जेमतेम तीन आठवडे चालली. डेल्टा प्लस या नव्या विषाणूप्रकाराच्या धास्तीने महिनाअखेरीस पहिल्या दोन स्तरांतल्या जिल्ह्यांनाही तिसऱ्यात बसवले. आकडे चांगले आणलेल्यांना बक्षीस म्हणून दुपारी चारला शटर. पुण्यात याचा जास्त राग आला. एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या शहराला तुम्ही फक्त चारपर्यंत उघडे ठेवा म्हणता, म्हणजे राहिले काय? ऑगस्टमध्ये तिथले व्यापारी रस्त्यावर उतरले आणि लवकरच वेळ वाढली. (आवाजाबद्दल वर लिहिलेच आहे.)

महोदय, आपण खट्याळपणे हसत असाल तर थोडे थांबा. निर्बंध नकोच होते, असे आमचे म्हणणे नाही. १८ एप्रिल २०२१ या एका दिवसात राज्यात ६८ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. दुसऱ्याच दिवशी कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन रेल्वेगाडी विशाखापट्टणमला प्राणवायू आणायला निघाली. एवढ्या लांबून श्वास आणायची पाळी आलेल्या राज्यात ‘धंदा सुरू करा’ म्हणणे सोपे नव्हते. राज्यात १ लाख ४० हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली आणि नोंद न झालेले वेगळे. त्यावेळी काळजी घ्या म्हणणारे डॉक्टर शत्रू नव्हते, आणि दुकान उघडू द्या म्हणणारा कापडवालाही नव्हता. आमची भांडणे लावली ती तिसऱ्यांनीच. ‘सगळे बंद ठेवा’ हे ज्यांचा पगार एक तारखेला खात्यात पडत होता, त्यांनी सांगितले. ‘सगळे उघडा’ हे ज्यांच्या गल्ल्यापुढे दुसऱ्याचा मुलगा उभा राहणार होता, त्यांनी. नाशिकच्या रस्त्याने डोक्यावर गाठोडे घेऊन चालत निघालेल्या मजुराला यातले काहीच विचारले गेले नाही.

जे खरोखर उपयोगी पडले, ते कंटाळवाणे होते. धारावीत घरोघर जाऊन ताप तपासणे, चाचणी, विलगीकरणाची जागा. मुंबईत प्रभागवार वॉर रूम, म्हणजे खाट कुणाला मिळेल हे ओळखीवर न ठरता फोनवर ठरणे. यात उद्घाटनाची फीत नव्हती. आपले पूर्वज मुख्यतः बंदिस्त हवेत पसरतात, हे कळल्यावरही आम्ही खिडक्या उघडल्या नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये समुद्रकिनारे आणि उद्याने बंद केली. पिशव्या, पार्सले आणि नोटा मात्र मनोभावे सॅनिटाइझ केल्या. कुठे कुठे तर माणसांनाच फवारणीच्या बोगद्यातून पलीकडे काढले. केंद्राने असे करू नका म्हणून पत्रक काढले तेव्हा बोगद्यांची बिले निघायची होती बहुतेक.

सरतेशेवटी शाळा. आपण मुलांच्या वाटेला फार जाऊ नये, अशी विनंती करणार होतो, पण आपल्या पूर्वजांनी ती न करताही बऱ्यापैकी पाळली होती. मुलांना जो फटका बसला, तो आमच्याकडून. शाळेला अबकारी कर नसतो. शाळेची व्यापारी संघटना नसते, तिच्यासाठी राज्यपाल पत्र लिहीत नाहीत. पालक घाबरलेले होते, शिक्षक घाबरलेले होते आणि मुले फोनच्या पडद्यावर, तोही घरात असला तर. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या मुंबईतल्या शाळांत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाले, म्हणजे बारनंतर वर्षाने. पहिली ते सातवीचे १५ डिसेंबर २०२१ ला. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गाचा फळा बघायला गेले, तेव्हा ते दुसरीचे अर्धे वर्ष संपवून बसले होते. तीन आठवडेही झाले नाहीत तोच ओमायक्रॉन हा नवा प्रकार फोफावला आणि नवे वर्ष लागताच ते वर्ग पुन्हा बंद.

८ जानेवारी २०२२ च्या राज्याच्या आदेशात शाळा १५ फेब्रुवारीपर्यंत बंद होत्या. हॉटेले रात्री दहापर्यंत निम्म्या क्षमतेने चालू होती. ब्यूटी पार्लर आणि व्यायामशाळाही या आदेशाने बंद केल्या होत्या, पण दुसऱ्याच दिवशी, ९ तारखेला, दुरुस्ती निघाली आणि त्यांना निम्म्या क्षमतेची परवानगी मिळाली. शाळा उघडायला मात्र २४ जानेवारी उजाडली.

कळावे.