दाखवायचे पैसे, भरायचे पैसे

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका मराठी घरात मुलीला विलायतेच्या विद्यापीठाचं ऑफर लेटर आलं. एक वर्षाचं मास्टर्स. पेढे वाटून झाल्यावर कुणीतरी पौंडांचे रुपये करून पाहिले. फी, भाडं, जेवण धरून 40 लाख. रायपूरकराला असा आकडा धानातच समजतो. छत्तीसगड सरकार एकरी 21 क्विंटल धान 3,100 रुपये भावानं घेतं, म्हणजे एकराचे झाले 65,100. बी, खत, मजुरी सगळं देवानं केलं असं मानलं, तरी एका डिग्रीला एकसष्ट एकरांहून जास्त पीक लागतं. वडिलांकडे आहे तीन एकर, आरंगच्या बाजूला.

मग बँक. तिथला हिशेब साधारण असा: 4 लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, त्यापुढे तारण. शिवाय परदेशी शिक्षण म्हणून 15 टक्के पदरचे. शेतजमीन साहेबांना नको; कर्ज बुडालं तर बँकेनं काय रोपणी करायची? राहिला वाडा. त्याच्या कागदावर सात चुलतभावांची नावं. सहीची गोष्ट निघाली आणि वीस वर्षं न फिरकलेल्या प्रत्येकाला आजोबांच्या ओसरीची आठवण येऊन गहिवरून आलं. निवडक नामांकित विद्यापीठांसाठी काही बँका तारण सोडतात म्हणे. पण मुलीचं विद्यापीठ त्या यादीत नाही. खासगी वित्तकंपनी हसतमुखानं तयार आहे. ते हसू तिच्या व्याजदरात धरलेलं असतं.

‘अहो, शिष्यवृत्ती बघा ना!’ असं पुण्याच्या आत्यांनी फोनवर सुचवलं. बघितली. महाराष्ट्र सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या महाराष्ट्राच्या रहिवाशांना. 1758 साली बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला छत्तीसगडचा कारभार हाती घेतला, तेव्हा त्यांच्या मागोमाग आलेल्या आमच्या पूर्वजांनी अधिवासाचा दाखला कमरेला बांधून आणायला हवा होता. तलवारी आणल्या, दाखला विसरले. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग आहे, नेमकी एका वर्षाच्या मास्टर्ससाठीच. पण तिला आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. मुलगी नुकतीच पदवीधर. तिला अनुभव आहे तो फक्त अर्ज भरण्याचा.

आता व्हिसा. विलायत सरकारचा नियम असा की उरलेली फी आणि राहण्याचा खर्च सलग 28 दिवस खात्यात बसलेला दिसला पाहिजे. म्हणजे पैशांचा हा दाखवण्याचा कार्यक्रमच. म्हणून मामांची एफडी मोडली, काकांचं पीएफ आलं, मावशीनं पंडरीच्या दुकानाचं भांडवल दिलं. खातं असं भरलं की मॅनेजरनं पहिल्यांदाच वडिलांना चहा विचारला. वडील रोज पासबुक बघायचे; आपण 28 दिवस श्रीमंत आहोत, ही भावना त्यांना पेन्शनपेक्षा मानवली. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी साडेसातला मामींचा फोन आला, ‘तब्येत कशी आहे?’ सगळ्यांनाच एकाएकी वडिलांच्या तब्येतीची काळजी वाटू लागली. दाखवायचे पैसे आपापल्या घरी गेले. भरायचे पैसे अजून यायचेच होते. वर वर्षाचा 776 पौंड आरोग्य अधिभार आहेच, आजारी न पडताही भरायचा.

या सगळ्यात एक गोष्ट कुणीच तपासली नाही: मुलगी हुशार आहे का? वाड्याचं मूल्यांकन झालं, बापाचे तीन वर्षांचे रिटर्न पाहिले, सीएनं संपत्तीचा दाखला दिला. मुलीचं डोकं मात्र कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

1913 साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तारण काय? परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. ना वाडा, ना सातबारा, माणूसच तारण. महाराज आज एखाद्या शाखेत मॅनेजर असते, तर वरिष्ठांनी त्यांना जोखमीचं कर्ज दिल्याबद्दल नोटीस काढली असती. तो तरुण नोकरीला बडोद्याला आला, तेव्हा गावात त्याला राहायला कुणी घर दिलं नाही. कर्जाची परतफेड विचारणाऱ्या समाजानं आपल्या बाजूचा हप्ता तेव्हाच बुडवला.

हल्ली अटी स्पष्ट असतात, फक्त एकमेकींशी बोलत नाहीत. चेव्हनिंग म्हणते, शिकून झालं की किमान दोन वर्षं मायदेशी राहा. बँकेची मनोमन इच्छा की पोरीनं तिकडेच राहावं. पौंडात कमावल्याशिवाय हप्ते फिटायचे कसे? आई म्हणते, दिवाळीला ये. तिन्ही अटी पाळणारी मुलगी सापडली, तर तिला शिक्षणाची गरज नाही, तिलाच अर्थमंत्री करा.