कृपया पाणी घालू नये

मुंजीला गेलं की पूर्वी परतभेट म्हणून स्टीलची वाटी मिळायची. मग प्लास्टिकचे डबे आले. आता चहाच्या कपाएवढ्या कुंडीत सक्युलंट देतात. वाटी परवडली. तिला जिवंत ठेवायची जबाबदारी पाहुण्यावर नसायची.

आमच्या वाट्याला आला झेब्रा हावर्थिया. जाड, टोकदार, गडद हिरवी पानं आणि त्यांवर पांढऱ्या पुटकुळ्यांचे आडवे पट्टे. बोट फिरवलं की खरखरीत लागतात. मूळ गाव दक्षिण आफ्रिकेतला ईस्टर्न केप. तिथे खडकांच्या फटींत, झुडपांच्या आडोशाला हा निवांत असतो. कोरफड त्याची भाऊबंद. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याचं पुन्हा बारसं करून ‘हावर्थिऑप्सिस’ नाव ठेवलं, पण ही बातमी आमच्या नर्सरीवाल्यापर्यंत अजून पोचलेली नाही.

‘याचं काही म्हणजे काही करावं लागत नाही,’ असं देणाऱ्यांनी बजावलं होतं. इथेच घोडं पेंड खातं. आमच्या घरात कुणाचं काही न करता कुणी राहिलेलं नाही. जेवताना ‘नको’ म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी जास्त पडते, हा घराण्याचा कायदा. हावर्थियाच्या पानांत आधीच पाणी साठलेलं. वर मुळं ओल्या मातीत बसली की कुजतात आणि पानं लिबलिबीत होऊन हातात येतात. पण ‘पोट भरलंय’ हे वाक्य आमच्या आईनं आजवर कुणाचंच मानलेलं नाही.

ती तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन यायची. बाबा तुळशीला घालून तांब्यात उरलेलं पाणी ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून ओतायचे. लेक शाळेतून आली की वॉटरबॅग कुंडीत रिकामी करायची. कामाच्या मावशी म्हणायच्या, “दादा, किती सुकलंय बघा,” आणि माझ्या उत्तराआधीच मग उपडा व्हायचा. त्यात त्या शोभेच्या कुंडीला खाली भोकच नव्हतं, आणि वरचे रंगीत खडे डिंकानं चिकटवलेले.

मी रोप साध्या मातीच्या कुंडीत हलवलं. माती थोडी, जाड रेती आणि विटांचा चुरा भरपूर. आईनं डोकावून विचारलं, “रोप लावतोयस की स्लॅब घालतोयस?” मग कुंडीवर चिठ्ठी लावली : ‘कृपया पाणी घालू नये’. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा तांब्यासकट हजर.

“बाबा, चिठ्ठी वाचलीत ना?”

“वाचली की. घालत नाही. नुसतं शिंपडतोय.”

शेवटी शास्त्राचा आधार घेतला. चहाच्या वेळी सगळ्यांना समजावलं की बाकीची झाडं दिवसा पानांवरची छिद्रं उघडतात. हा ती रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेतो, आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारं लावून त्यावर अन्न शिजवतो. म्हणून पाणी उडून जात नाही. आई कळवळली, “म्हणजे रात्रपाळी करतो बिचारा? मग तर पाणी हवंच!”

मी नेट लावला. आपली पानफुटीही यातलीच. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं भारतात असताना तिची पानं चावून पाहिली आणि १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्रानं कळवलं की पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट लागतं. बायको म्हणाली, “त्यासाठी पान कशाला चावायला हवं? मी हे रोज घरात बघते.”

सभा बरखास्त झाली. तेव्हा युक्ती सुचली. नर्सरीतून अळू आणलं आणि शेजारी ठेवलं. अळूला पाण्याचं वावडं नाही. चिखलातही ते मजेत असतं. हावर्थिया सरकवला पूर्वेच्या खिडकीत, जरा उंचावर. सकाळचं कोवळं ऊन तिथे मिळतं. दुपारचं रणरणतं ऊन लागलं तर त्याची पानं तांबूस पडतात. तांदळाचं पाणी, तांब्यातलं पाणी, वॉटरबॅग, मग, सगळं वात्सल्य अळूकडे वळलं. घरात अळूवड्यांची ददात राहिली नाही.

हावर्थियाचं पाणी मी पाहायचो. मातीत बांबूची काडी खुपसायची. ती कोरडी ठणठणीत बाहेर आली आणि कुंडी हाताला हलकी लागली, तरच खालून निथळेपर्यंत पाणी द्यायचं आणि मग विसरून जायचं. पावसाळ्यात तर फारच विसरायचं. संसारात इतरत्र हा गुण दोष समजला जातो.

एके दिवशी रोपाच्या मधून बारीक लांब काडी निघाली. मावशी ती तण समजून उपटणारच होत्या. काही आठवड्यांनी टोकाला इवलीशी पांढरी फुलं आली आणि घरात श्रेयवाद पेटला. आई म्हणाली, तांदळाच्या पाण्याचा गुण. बाबांनी शिंपडण्याचं महत्त्व सांगितलं. मावशींनी पानं फडक्यानं पुसल्याचा दाखला दिला. लेक म्हणाली, ती त्याच्याशी गप्पा मारते. सगळं पाणी अळूनं प्यालंय, हे मी गिळून टाकलं.

“आणि तू रे? तू काय केलंस?” बायकोनं विचारलं.

“काही नाही,” मी अभिमानानं म्हणालो.

“तेच म्हणते मी,” ती म्हणाली.