प्रोप्रायटर, फ्लॅट नंबर 202

वर्ध्यात आर्वी नाक्याच्या पुढे कुठल्याही अपार्टमेंटचा जिना चढा. दुसऱ्या माळ्यावर सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, आणि गरम तेलाचा वास आला, की खुशाल समजावं, इथे एक प्रोप्रायटर किरायानं राहतो.

प्रोप्रायटर म्हणजे भाऊ. माल वहिनी बनवतात. सारण त्यांचं, लाटणं त्यांचं, तळणं त्यांचं. डब्यांवरच्या चिठ्ठ्या पोरीच्या अक्षरातल्या. भाऊंकडे हेड ऑफिस आहे. हेड ऑफिसात एक प्लास्टिकची खुर्ची, एक फोन आणि व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा. कार्डावर 'उत्पादक, घाऊक व किरकोळ विक्रेते' असं छापलेलं. घाऊक म्हणजे किती, असं विचारलं तर भाऊ म्हणतात, "दोन किलोच्या वर घाऊक जी. बाकी सारं किरकोळ."

हंगाम कोणता चालू आहे, हे घरात पाऊल टाकताच कळतं. थंडीत सांबारवडी. सांबार स्वस्त आणि कोवळा असतो, त्यामुळे न्हाणीघरातल्या दोन्ही बादल्यांत जुड्या उभ्या. भाऊंना आंघोळ करायची तर आधी जुड्या निवडून संपायला हव्यात. म्हणून डिसेंबरात ते निवडायलाही बसतात. उत्पादनातला त्यांचा सहभाग तेवढाच. सोफ्यावर बेसनाचं पोतं बसतं, पाहुणे उभे राहतात. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सरगुंडे. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशी गाठतो, कुरडई सकाळी घातली की संध्याकाळी खडखडीत. फुकटातलं एवढं मोठं यंत्र डोक्यावर आहे, पण गच्चीची किल्ली घरमालकाकडे.

आणि घरमालकाला तर इथे धंदा चालतो हे माहीतच नाही! निदान भाऊंची तशी समजूत आहे. करारात 'फक्त राहण्यासाठी' असं लिहिलेलं. मालक पाच तारखेला किराया न्यायला येतात. त्या सकाळी पोतं पलंगाखाली जातं, वजनकाटा कपाटात जातो आणि भिंतीवरची फ्रेम उलटी होते. तिच्या पुढच्या बाजूला उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र. ही नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू झाली. फुकट होते, घरबसल्या होते, आधार नंबरावर होते. सरकारनं भाऊंना 'सूक्ष्म' उद्योग ठरवलंय, तो शब्द त्यांनी अंगठ्यानं झाकूनच सगळ्यांना दाखवला. फ्रेमच्या मागच्या बाजूला गजानन महाराज. मालक आत आले की आधी त्यांना हात जोडतात.

"एवढा सांबार काहून आणला?"

"पाहुणे येऊन राहिले जी."

"मागच्या महिन्यातही पाहुणेच होते न?"

"गोतावळा मोठा आहे."

मालक मान डोलावतात. जाताना म्हणतात, "पाहुण्यांचं उरलं तर दोन डबे बांधून द्या, पोरीला पुण्याला पाठवायचे आहेत." डब्यांचे पैसे किरायातून वळते होत नाहीत.

भाऊंचा दुसरा शत्रू म्हणजे विजेचा मीटर. घरातच छोटा धंदा असेल, तर महिन्याला 300 युनिट आणि वर्षाला 3,600 युनिटपर्यंत घरगुती दर लागतो, हे त्यांना तोंडपाठ. वीस तारखेनंतर ते टॉर्च घेऊन रोज खाली उतरतात. आकडा 280 वर गेला की हुकूम सुटतो : टीव्ही बंद, गिझर बंद, पंखा एकच, तोही माणसांवर नाही, पापडांवर. गॅसवाला आला की 14.2 किलोचं लाल सिलिंडर दारात दिमाखात उभं असतं. 19 किलोचं व्यावसायिक पडद्यामागे. कायद्यानं तेच वापरायचं, पण मालकानं पाहिलं तर पाहुण्यांची संख्या वाढवून सांगावी लागेल.

या साऱ्यात भाऊंना कमीपणा मुळीच वाटत नाही. वर्ध्याचा माणूस तो! 1934 मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, जे. सी. कुमारप्पांनी तो इथल्या मगनवाडीतून चालवला, 1938 मध्ये मगन संग्रहालय उघडलं. वडी तळून होईस्तोवर गिऱ्हाइकाला हे सगळं ऐकावं लागतं. शेवट ठरलेला : "जमनालालजी बजाजांनी संघाले आख्खा बंगला अन् बगीचा देऊन टाकला जी. अन् आमचा मालक गच्चीची किल्ली देत नाही!" स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज येतो, "संघात कुमारप्पा स्वतः काम करत होते म्हणा." भाऊ हिशेबाच्या वहीत डोकं घालतात.

यंदा धंदा वाढला. भाऊंनी बजाज चौकाकडे एक गाळा घेतला, पाटी लावली, काचेचं कपाट आणलं. जुनी गिऱ्हाइकं आली, डबा उलटसुलट करून पाहिला आणि विचारती झाली, "आता घरी नाही का बनवत?" दुकानातली वडी त्यांना बेचव लागायला लागली. तीच वडी, त्याच वहिनी. फक्त जिना चढावा लागत नव्हता. महिन्याभरात गिऱ्हाईक पुन्हा 202 ची बेल वाजवू लागलं.

गाळ्याचा करार मात्र अकरा महिन्यांचा. मग भाऊंनी सोफा, टीव्ही आणि टीपॉय तिकडे हलवला. आता माल घरात बनतो, घरातच विकला जातो आणि पाहुणे आले की भाऊ त्यांना दुकानात नेऊन बसवतात. परवा गाळ्याचा मालक आला होता. आत सोफ्यावर आत्याबाई झोपलेल्या पाहून त्यानं करारातलं कलम वाचून दाखवलं : गाळा फक्त धंद्यासाठी.

"धंदाच आहे जी," भाऊ म्हणाले. "ह्या गिऱ्हाईक आहेत. थकल्या."