कलमकाका

कलमकाकांना भेटायला जाताना हातात कागद असू नये. वीजबिल असो की लग्नपत्रिका, काका तो काढून घेतात, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतात, मोबाइलचा टॉर्च लावून चारही कोपरे तपासतात आणि विचारतात, "मुद्रांक किती भरलाय?" लग्नपत्रिकेवर मुद्रांक लागत नाही असं सांगितलं की क्षणभर गप्प बसतात. संध्याकाळी मेसेज येतो : "भारतीय मुद्रांक अधिनियम 1899, अनुसूची एक पाहिली. लग्नपत्रिका त्यात नाही. तुमचं बरोबर." माघार घ्यायलाही त्यांना अनुसूची लागते.

काका वीज मंडळातून निवृत्त झाले. आयुष्य मीटर रीडिंग आणि थकबाकीत गेलं. निवृत्तीच्या वर्षी मुलाने स्मार्टफोन दिला. इतर म्हातारे त्यावर सुप्रभात पाठवायला शिकले, काका इंडियन कानूनवर निकाल शोधायला शिकले. देशभरच्या न्यायालयांचे निकाल तिथे फुकट वाचायला मिळतात, आणि फुकट मिळणारी गोष्ट काकांनी आजवर अर्धवट सोडलेली नाही. जमिनीचा कायदा सोडून दुसऱ्या कायद्यात मात्र त्यांना रस नाही. फौजदारी म्हणजे त्यांच्या मते उथळ लोकांचं काम. गौतमपुऱ्याच्या बाजारात त्यांना "वकील साब" म्हणतात. देपालपूर तहसिलीतले खरे वकील त्यांना लांबून येताना पाहिलं की चहा अर्धा टाकून उठतात.

गौतमपुरा इंदूर जिल्ह्यात, देपालपूर तहसिलीत. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाचं गाव. काकांचे पूर्वज होळकरशाहीत कारकुनीला आले आणि काळ्या मातीचे काही बिघे गाठीला बांधून इथेच राहिले. आज त्यात सोयाबीन, गहू आणि लसूण होतो. घरात मराठी, बाजारात मालवी, कचेरीत हिंदी असा तीन भाषांचा संसार. काकांच्या सगळ्या विद्वत्तेचा घोटाळा इथूनच सुरू होतो.

काका फोनशी मराठीत बोलतात. "वडिलोपार्जित शेतजमिनीवर नाव कसं लावायचं" असं मराठीत विचारलं की फोन बापडा मराठीतच उत्तर देतो, आणि मराठीत उत्तर म्हणजे महाराष्ट्राचं उत्तर. सातबारा, आठ-अ, फेरफार, तलाठी, तुकडेबंदी, गट नंबर. कोल्हापूर-नगरकडचे कोणी वकील व्हिडिओत हात हलवून इतकं सुरेख समजावतात की काका वहीत उतरवून घेतात. जमीन हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय, नोंद 18. महाराष्ट्राची जमीन महसूल संहिता 1966ची, मध्यप्रदेशची भू-राजस्व संहिता 1959ची. कलमं वेगळी, अधिकारी वेगळे, कागद वेगळे. पण काकांच्या फोनला मातीची राज्यं कळत नाहीत, भाषेची तेवढी कळतात.

त्यामुळे पहिल्याच वर्षी ते पटवाऱ्याकडे गेले आणि रुबाबात म्हणाले, "मुझे मेरा सात-बारा चाहिए." पटवाऱ्याने घड्याळ बघितलं. "काका, इंदौर की बस का पूछ रहे हो क्या?"

काका मुळीच खजील झाले नाहीत. घरी येऊन त्यांनी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे महाराष्ट्र, उजवीकडे मध्यप्रदेश. सातबारा : खसरा. फेरफार : नामांतरण. तलाठी : पटवारी. मोजणी : सीमांकन, धारा 129. रेडी रेकनर : कलेक्टर गाइडलाइन. ही वही मी हाताळलेली आहे आणि सांगतो, एखाद्या विद्यापीठाने छापावी अशी आहे. अडचण इतकीच, की रात्री अकरानंतर काका वही न बघता व्हिडिओ बघतात.

अशाच एका रात्री त्यांना कूळकायदा भेटला. मुंबई कूळवहिवाट कायद्याखाली 1 एप्रिल 1957 या कृषक दिनापासून कसणारा मालक झाला, हे ऐकून काकांची झोप उडाली. त्यांची जमीन तेव्हा बटाईने कसायला दिलेली. बटाईदार सज्जन माणूस, सकाळी वाटेत दिसला की "राम राम काकाजी" म्हणायचा. त्या राम रामातही काकांना ताबा दिसू लागला. तो अख्खा रब्बी हंगाम त्यांनी त्याला चहा पाजला नाही, कारण चहा पाजणं म्हणजे वहिवाट मान्य करणं असं त्यांच्या मनाने घेतलं. तो कायदा माळव्याच्या या भागाला कधी लागूच नव्हता, हे उन्हाळ्यात कळलं. मग एकदम दोन कप पाजले.

दुसरं दुखणं असं की इंटरनेटवर मेलेला कायदाही जिवंत दिसतो. शेतजमीन दुसऱ्या वापराला लावायची, म्हणजे डायव्हर्शन, ते जुन्या धारा 172 खाली परवानगी मागून होई. 2018च्या दुरुस्तीने ती धाराच गेली. आता धारा 59 खाली आपणच आकारणी करून रक्कम भरायची आणि उपविभागीय अधिकाऱ्याला कळवायचं. पण 172 अजून कितीतरी पानांवर ठणठणीत उभी आहे आणि तिच्या कपाळावर कोणी 'कैलासवासी' लिहिलेलं नाही. काकांनी शेजारच्या दुकानदाराला 172चा असा फक्कड अर्ज लिहून दिला की बाबू म्हणाला, "लिखावट तो बढ़िया है, धारा नहीं है." दुकानदाराने निम्म्या वाक्याचीच फ्रेम केली. आजही तो सांगतो, आमच्या काकांच्या अर्जाची कचेरीत तारीफ झाली.

हल्ली एआय आलंय. काकांनी त्याला शेताच्या रस्त्याबद्दल विचारलं. धारा 131 त्यांना ठाऊक होती. वहिवाटीच्या रस्त्याचा वाद तहसीलदार ठरवतो. त्यांना हवा होता निकाल. एआयने तत्परतेने दिला : वादी, प्रतिवादी, वर्ष, पान क्रमांक, सगळं जागच्या जागी. देपालपूरच्या वकिलाने तो तीन ठिकाणी शोधला, कुठेच नाही. काकांनी बचावासाठी थेट न्यूयॉर्क गाठलं. "2023मध्ये तिथल्या वकिलांनी असेच नसलेले निकाल कोर्टात दिले, पाच हजार डॉलर दंड झाला. म्हणजे मोठमोठ्यांचं होतं." वकील म्हणाला, "काका, उनको फीस भी मिली थी."

एवढं वाचून काका निव्वळ करमणुकीचा विषय आहेत असं वाटेल, तर तसं नाही. इंदूर पसरत पसरत चारही बाजूंच्या शेतांत शिरलंय आणि त्याच्या पुढे पुढे प्लॉटवाले येतात. या बाजारात 'डायरीवर' सौदा होतो. नकाशा मंजूर नाही, रेराची नोंदणी नाही, करार नाही. पैसे घ्यायचे आणि डायरीच्या पानावर प्लॉट नंबर अन् रक्कम लिहून द्यायची. आमच्या गल्लीतला एक मुलगा असाच पाच लाख घेऊन निघाला होता. काकांनी त्याला ओट्यावर बसवलं आणि प्लॉट दाखवणाऱ्या दलालालाही बोलावून घेतलं. फोनवर मध्यप्रदेश रेराचं संकेतस्थळ उघडलं आणि शांतपणे म्हणाले, "नोंदणी क्रमांक सांगा." दलाल म्हणाला, प्रोसेस में है. काकांनी 2016च्या कायद्याचं कलम तीन काढलं. पाचशे चौरस मीटरच्या वरची योजना असेल तर नोंदणीआधी जाहिरात नाही, बुकिंग नाही, विक्री नाही. मग कलम तेरा : नोंदणीकृत करार झाल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर एक रुपया घ्यायचा नाही. मग कलम चार : ग्राहकांच्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या बँक खात्यात. कलम एकोणसाठपर्यंत, म्हणजे योजनेच्या खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंतच्या दंडापर्यंत, पोचायच्या आत दलालाची मोटरसायकल सुरू झाली होती. रेरा हा केंद्राचा कायदा, महाराष्ट्रात आणि इथे एकच. काकांचे मराठी व्हिडिओ त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण कामाला आले.

त्यांचं आवडतं वाक्य मात्र एकच : "नामांतरण म्हणजे मालकी नव्हे!" 2021मध्ये जितेंद्र सिंह विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा सांगितलं, खसऱ्यातलं नाव हे सरकारला महसूल कोणी भरायचा एवढ्यापुरतं, हक्क ठरवायचा तो दिवाणी न्यायालयाने. निकाल आपल्याच राज्यातला म्हणून काकांना त्याचा घरच्या कार्यासारखा अभिमान. बारशाला, तेराव्याला, सत्यनारायणाला, कुठेही संधी मिळाली की हे वाक्य येतंच.

त्यांच्या अभ्यासाची आणखी एक पद्धत सांगायला हवी. स्क्रीनवर डोळे दुखतात म्हणून ते निकाल छापून आणतात, बाजारातल्या एमपी ऑनलाइनच्या दुकानातून. छपाईला पानामागे पैसे पडतात. वीज मंडळात काढलेली हयात आड येते. म्हणून काका पहिली दोन पानं आणि शेवटचं एक छापून घेतात. "सुरुवातीला भांडण असतं, शेवटी निकाल असतो," ते म्हणतात. "मधे वकिलांची बडबड." ही तीन पानं पिवळ्या हायलाइटरने इतकी रंगवतात की मूळ पांढरा भाग शोधावा लागतो.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, गौतमपुऱ्यात हिंगोट युद्ध होतं. हिंगोटाचं फळ पोखरून, वाळवून त्यात दारू ठासतात, बांबूची काडी बांधतात, पेटवून समोरच्यावर सोडतात. एका हातात ढाल. गौतमपुऱ्याचा तुरा, रुणजीची कलगी. इथला कलगी-तुरा डफावरचा नाही. लांबून लांबून लोक बघायला येतात. काकांच्या बहिणीही पाडव्यालाच येतात, हिंगोट बघून दुसऱ्या दिवशी भाऊबीज करून जातात. उज्जैनच्या अक्का आणि देवासची बेबीआत्या. बेबीआत्या साठीची, शाळेतून निवृत्त, आणि हल्ली तिच्याही हातात स्मार्टफोन.

एका वर्षी मी भाऊबीजेला फराळाला गेलो होतो. औक्षण झालं. काकांनी ताटात ओवाळणी घातली. बेबीआत्याने निरांजन बाजूला ठेवलं आणि सहज म्हणाली, "दादा, ओवाळणी राहू दे. वाटणीचं काय ते बघू या."

काका असे खुलले की विचारू नका. त्यांच्या घरात इतक्या वर्षांत कोणी आपणहून कायद्याचा विषय काढला नव्हता. प्लास्टिकची फाइल आली. "विनीता शर्मा निकाल, 11 ऑगस्ट 2020," काका म्हणाले. "मुलीला जन्मानेच हक्क. वडील 2005च्या दुरुस्तीच्या वेळी हयात असोत वा नसोत. मीच गावभर सांगतो." अक्का कौतुकाने बघत होत्या. "पण," काकांनी बोट वर केलं, "20 डिसेंबर 2004च्या आधी वाटणी झालेली असेल तर ती मोडत नाही. बाबांनी 1998मध्ये याच ओसरीवर तोंडी वाटणी केली होती."

"मधली पानं वाचलीस?" बेबीआत्याने विचारलं.

काका थांबले.

"शंभराच्या वर पानं आहेत त्या निकालाला. मी फोनवर सगळी वाचली. फुकट असतात." तिने चष्मा लावला. "वाटणी एकतर नोंदणीकृत दस्ताने हवी, नाहीतर कोर्टाच्या हुकमाने. नुसती तोंडी वाटणी पुरत नाही. अपवाद म्हणून मानायची तर सरकारी कागदपत्रांचा पक्का आधार हवा. तुझ्याकडे कागद कुठलाय?"

"तुझं नाव खसऱ्यात लागलंय खरं," काका सावरून म्हणाले, "बाबा गेल्यावर फौती नामांतरणात तिघांचीही लागली. पण नामांतरण म्हणजे मालकी नव्हे!"

"मग दादा, तुझंही नाव तिथेच लागलंय."

काकूंना स्वयंपाकघरात ठसका लागला. अक्कांनी चकली तोंडाशी नेली ती तिथेच राहिली. हिंगोट कधी कधी मैदान सोडून सोडणाऱ्यावरच उलटतो, आणि त्या वेळी ढाल नेमकी दुसऱ्या बाजूला असते. काकांनी पाणी मागितलं. मग फाइल उघडली, बंद केली. मग म्हणाले, "ते मधलं कलम कितव्या पानावर आहे ते मला पाठव." आवाजात राग नव्हता, असलाच तर हेवा.

"आणि तोंडी वाटणी सिद्ध झाली असं धरलं," बेबीआत्या थांबायला तयार नव्हती, "तरी बाबांच्या स्वतःच्या वाट्याचं काय? संहितेच्या धारा 164ने भूमिस्वामीचा हक्क व्यक्तिगत कायद्याप्रमाणे उतरतो, आणि हिंदू उत्तराधिकारात आम्ही पहिल्या वर्गाच्या वारस आहोत."

"164!" काकांनी मांडीवर थाप मारली. "हे तुला कुणी सांगितलं? बरोबर आहे. अगदी बरोबर आहे." आपल्या घरात आपल्या तोडीचं कोणी आहे, हे साठ वर्षांनी कळलेल्या माणसाचा चेहरा होता तो. जमीन जाते आहे हे त्यांच्या लक्षात यायला आणखी एक लाडू गेला.

"मग आता धारा 178चा अर्ज करावा लागेल, तहसीलदारांकडे," ते म्हणाले. "तुला नाही जमायचा. मसुदा मी करून देतो. आणि हे बघ, मी हक्काचा वाद उपस्थित करणार, तो माझा अधिकार आहे. मग तहसीलदार तीन महिने काम थांबवतील, दिवाणी दाव्यासाठी. तेव्हा घाबरून जाऊ नकोस."

त्याच रात्री काकांनी बहिणीचा अर्ज लिहिला, अकरा मुद्दे, स्वतःविरुद्ध. दुसऱ्या दिवशी त्यावरची स्वतःची हरकत लिहिली, तीही अकरा मुद्द्यांची. एमपी ऑनलाइनच्या दुकानात दोन्ही छापून घेतले, पैसे स्वतः भरले आणि या वेळी सगळी पानं काढली. हरकतीतला सातवा मुद्दा जरा लंगडा आहे, हे बेबीआत्याने देवासहून फोनवर सांगितलं. काकांनी तो दुरुस्त करून घेतला.