व्हाईस सिटीतला रिकामटेकडा

आमच्या घरात मतभेद पुष्कळ आहेत, पण मी अजून ‘व्हाईस सिटी’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ खेळतो हे वयाला शोभत नाही, याबद्दल एकमत आहे. बायको याला आजार म्हणते. आईच्या मते लहानपणी हौस पुरती भागू दिली नाही, त्याचा हा परिणाम. अकरावीतला भाचा तर माझ्याकडे उत्खननात सापडलेल्या मडक्याकडे पाहावं तसं पाहतो. “मामा, ह्या माणसाच्या हाताची बोटं एकमेकांना चिकटलीत,” असं त्यानं परवा अत्यंत काळजीनं मला दाखवून दिलं.

चिकटलीत खरी. खेळ २००२ सालचा आहे, बोटं सुटी करण्याइतकी चैन तेव्हा परवडत नव्हती. एडिंबरातल्या मंडळींनी १९८६ सालच्या मायामीवर बेतलेलं एक शहर उभं केलं. माड, गुलाबी संध्याकाळ, उघड्या टपाच्या गाड्या. बाहेर स्कॉटलंडचा पाऊस पडत असताना माणसाला असंच काहीतरी सुचणार. त्यात पंधरा वर्षं तुरुंगात काढून आलेला टॉमी व्हर्सेटी हा आपला नायक. त्याला आवाज दिला रे लियोटानं. टॉमी बंदूक चालवतो, हेलिकॉप्टर उडवतो, अख्खं शहर ताब्यात घेतो. फक्त त्याला पोहता येत नाही. पाण्यात पडला की संपला. शहराच्या चारी बाजूंनी समुद्र, आणि शहराच्या दादाला हात मारता येत नाहीत! माझा एक मालवणी मित्र याच मुद्द्यावर खेळ सोडून उठला होता.

संपला म्हणजे अगदीच संपला असं नाही. थोड्याच वेळात तो इस्पितळाच्या दारात धडधाकट उभा राहतो. बंदुका जमा झालेल्या असतात आणि थोडे पैसे कापलेले असतात, बस. कॅशलेसच्या मंजुरीसाठी संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवत नाहीत. मध्यमवर्गीय माणसाला या खेळातली खरी कल्पनारम्य गोष्ट हीच वाटते.

आमची पिढी हा खेळ सायबर कॅफेत शिकली. तो लहान मुलांसाठी नाही हे वेष्टनावर छापलेलं असे म्हणतात, पण वेष्टन बघितलं होतं कुणी? खेळापेक्षा आधी पाठ झाले ते कोड. वहीच्या मागच्या पानावर भूमितीच्या प्रमेयांशेजारी ते लिहिलेले असत. ‘पॅन्झर’ टाईप केलं की समोर रणगाडा. ‘अ‍ॅस्पिरीन’ टाईप केलं की तब्येत ठणठणीत. टाईप केलेली अक्षरं पडद्यावर दिसत नाहीत, त्यामुळे सगळं तोंडपाठ असावं लागे. इंग्रजीच्या पेपरात ‘नेसेसरी’त किती एस हे ज्याला कधीच जमलं नाही, तो पोरगा चिलखतासाठीचं ‘प्रेशसप्रोटेक्शन’ एका दमात, न बघता, गोळ्या चुकवत बडवायचा. पोलीस मागे लागले की ‘लीव्हमीअलोन’. हा कोड लग्नसमारंभात चालत नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

कोडनं सगळं व्हायचं, एक सोडून. एव्हरी कॅरिंग्टन नावाचा जमिनीचा दलाल आपल्याला एक खेळण्यातलं हेलिकॉप्टर देतो. ते बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घुसवून मजल्यांवर चार बॉम्ब ठेवायचे, तेही घड्याळ लावून. मजूर हातातली अवजारं घेऊन हेलिकॉप्टर बडवतात, पहारेकरी गोळ्या घालतात, आणि आपण नंबरपॅडशी झटत जिन्यात अडकतो. त्या मिशनवर किती मैत्र्या तुटल्या त्याची नोंद कुठे नाही. बिल्डरच्या भानगडीत पडू नये हे मी तिथेच शिकलो.

पण इतकी वर्षं मला धरून ठेवलंय ते मिशननं नव्हे. मला या शहरात काहीही न करायला आवडतं. नकाशावर मिशनवाल्यांच्या खुणा दिसत राहतात, मी जात नाही. ते बिचारे वाट बघतात. फोन करून ‘ईओडीपर्यंत पाठवा’ म्हणत नाहीत. मी एखादी पिवळी टॅक्सी घेतो आणि माणसं सोडतो. सिग्नलला थांबतो. थांबायची काही गरज नसते, कारण लाल दिवा तोडला म्हणून तिथला पोलीस तुम्हाला काही करत नाही, त्याच्या गाडीला धक्का लागला तर मात्र खैर नाही. तरी मी थांबतो. पुण्यात झेब्राच्या अलीकडे थांबलं तर मागचा हॉर्न मारून आपला उद्धार करतो. व्हाईस सिटीत नियम पाळण्याची हौस निर्वेधपणे भागवता येते.

बरं, ते शहरही फार भाबडं आहे. तुम्ही एखादी दुर्मीळ गाडी मोठ्या मुश्किलीनं मिळवावी, तर पुढच्या चौकात तश्शाच तीन. यंत्राची स्मृती तोकडी, एका वेळी मोजक्याच प्रकारच्या गाड्या त्यात मावायच्या, त्यामुळे तुमच्याकडची होती तीच रस्त्यावर सोडून दिली जायची. तुम्ही पाठ फिरवली की रस्त्यावरची गाडी गायब. लांबचं सगळं धुक्यात. त्या धुक्यामुळेच ते इवलंसं शहर अफाट वाटायचं.

रेडिओबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. या खेळाच्या गाड्यांमध्ये रेडिओ आहे आणि त्यावर ऐंशीच्या दशकातली खरी गाणी लागतात, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. मूळ खेळ दोन सीड्यांचा. आमच्या कॅफेतल्या प्रतीत कुणा पुण्यवंतानं जागा वाचवायला गाणीच काढून टाकली होती. मी अख्खं बालपण त्या शहरात मुक्या गाड्या चालवल्या, आणि अमेरिकेतली माणसं गंभीरपणे गाडी चालवतात असा माझा समज झाला. पुढे अस्सल प्रत विकत घेतली, तोवर काही गाण्यांचे परवाने संपून ती अधिकृतपणे काढून टाकलेली. चोरीच्या प्रतीत गाणी नाहीत, विकतच्या प्रतीतही पुरती नाहीत. मग भाच्यानं यूट्यूबवर लावून दिली. मोबाईल एका बाजूला, खेळ दुसऱ्या बाजूला, असा माझा रेडिओ आता चालतो.

२०२१ साली या खेळाची नवी, सजवलेली आवृत्ती आली. बोटं सुटी झाली. पण इतक्या चुका राहिल्या होत्या की लोकांनी कंपनीला धारेवर धरलं. मी मनातून खूश झालो, ते असो.

आता या खेळाच्या मालिकेचा सहावा भाग याच शहरात परत जाणार आहे. भाचा मला ट्रेलर थांबवून थांबवून दाखवतो. समुद्रकिनाऱ्यावर माणसंच माणसं, प्रत्येकाचा केस न् केस वेगळा हलतोय.

“मामा, हे आलं ना, की तू तुझं जुनं डबडं उघडणारच नाहीस.”

“टॉमीला पोहता येणार का त्यात?”

“टॉमी नाहीच आहे. जेसन आणि लुसिया आहेत.”

“ते पोहतात?”

“अरे, सगळे पोहतात.”

“मग त्यात काय विशेष?” मी म्हटलं, आणि जागा मिळेना म्हणून टॅक्सी फुटपाथवर लावली.